आरोग्यसेवेतील बदल आणि लोकनियुक्त संस्थांचा अधिकार

(स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये काम करणाऱ्या पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आपल्यापुढे असलेला विषय वरवर पाहता निव्वळ प्रशासनाचा वाटेल. एखाद्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी बाळंतपणे बंद होतात. एखाद्या कामगार वस्तीतील महापालिकेचा दवाखाना खाजगी संस्थेकडे चालविण्यास दिला जातो. उपकेंद्रातील परिचारिका निवृत्त होते आणि तिची जागा पुन्हा भरलीच जात नाही. कागदावर या गोष्टींना पुनर्रचना, सुसूत्रीकरण, भागीदारी अशी गोंडस नावे असतात. लोकांना त्या कळतात त्या दाराला कुलूप दिसल्यानंतर.

आरोग्यसेवेत बदल करण्याचा अधिकार कोणाचा? बदल करण्यापूर्वी कोणाला विचारले पाहिजे? आणि लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेने 'नाही' म्हटले तर पुढे काय? हे तीन प्रश्न प्रशासनाचे नाहीत, राजकारणाचे आहेत. आणि त्यांच्या मुळाशी वर्गाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला सरकारी दवाखाना बंद झाल्याचे सोयरसुतक नसते. शेतमजूर बाईला मात्र ते केंद्र बंद होणे म्हणजे वीस किलोमीटरचे भाडे, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि बहुधा सावकाराचे दार.

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मी प्रथम ब्रिटनचा अनुभव मांडणार आहे. तिथली व्यवस्था आदर्श आहे, असे मात्र मला सुचवायचे नाही. स्थानिक लोकनियुक्त संस्थेला आरोग्यसेवेतील बदल अडविण्याचा हक्क तिथे कायद्याने मिळाला, तो लढ्यात वापरला गेला, आणि अलीकडेच तो काढूनही घेण्यात आला. ही सारी वाटचाल एकाच देशात पाहावयास मिळते, म्हणून तिचा अभ्यास आपल्याला उपयोगाचा आहे. त्यानंतर आपण आपल्या देशाकडे वळू.

नगरपालिकेच्या हातून गेलेली सेवा

१९४८ पूर्वी ब्रिटनमध्ये गरिबांची आरोग्यसेवा मोठ्या प्रमाणात नगरपालिकांच्या हाती होती. लंडनमधील फिन्सबरी या दाट कामगारवस्तीच्या नगरपालिकेने १९३८ साली स्वतःचे आरोग्य केंद्र उभारले. क्षयरोगाचा दवाखाना, दंतचिकित्सा, स्त्रियांची व मुलांची तपासणी अशा विखुरलेल्या सेवा तिने एका छपराखाली आणल्या. या कामामागे नगरपालिकेच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष होते डॉ. चुनीलाल कातियाल. पंजाबात जन्मलेले हे भारतीय डॉक्टर त्याच वर्षी फिन्सबरीचे महापौर झाले. लोकांनी निवडून दिलेली नगरपालिका मनात आणील तर काय करू शकते, याचे हे उदाहरण राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दहा वर्षे आधीचे आहे.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार सर्वांना आणि विनामूल्य मिळाले पाहिजेत, हे तत्त्व तिने प्रत्यक्षात आणले. त्याआधी मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळात एक महत्त्वाचा वाद झाला होता. आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांना सर्व रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची करावयाची होती. हर्बर्ट मॉरिसन यांचे म्हणणे होते की नगरपालिकांची रुग्णालये त्यांच्याकडेच राहावीत. बेव्हन यांचा मुद्दा खरा होता: गरीब नगरपालिका आणि श्रीमंत नगरपालिका यांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचे अंतर असताना सर्वांना सारखी सेवा मिळणे शक्य नव्हते. मॉरिसन यांचाही मुद्दा खोटा नव्हता: रुग्णालय राष्ट्राचे झाले तरी त्याला जाब विचारणारा माणूस गावात उरणार नाही. अखेर बेव्हन यांचे म्हणणे मान्य झाले. घरोघर जाणाऱ्या परिचारिका, सुईणी, लसीकरण यांसारख्या सेवा मात्र नगरपालिकांकडे राहिल्या. १९७४ च्या पुनर्रचनेत त्याही काढून घेतल्या गेल्या.

पैसा राष्ट्राने द्यावा आणि देखरेख स्थानिक लोकांनी करावी, या दोन गोष्टींत मुळात विरोध नाही. विरोध निर्माण होतो तो नोकरशाहीच्या सोयीसाठी. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्याचा उपयोग होणार आहे.

विचारले जाण्याचा हक्क

१९७४ साली नगरपालिकांकडून सेवा गेल्या, तेव्हा त्यांच्या बदल्यात सामुदायिक आरोग्य परिषदा स्थापन झाल्या. त्यांचे निम्मे सदस्य स्थानिक नगरपालिका नेमत, एक तृतीयांश स्वयंसेवी संघटनांकडून येत. रुग्णालय बंद करावयाचे झाल्यास या परिषदेचे मत घेणे बंधनकारक होते. तिने हरकत घेऊन पर्यायी योजना मांडली, तर तो निर्णय अधिकाऱ्यांच्या हाती न राहता मंत्र्यापर्यंत जाई. म्हणजे मंत्र्याला संसदेत त्याचे उत्तर द्यावे लागे.

पुढे थॅचर सरकारच्या काळात, १९९० च्या कायद्याने, आरोग्यसेवेत 'अंतर्गत बाजार' आणला गेला. त्याच कायद्याने आरोग्य मंडळांवर आपले प्रतिनिधी नेमण्याचा नगरपालिकांचा हक्कही गेला. बाजार आत आला आणि लोकप्रतिनिधी बाहेर गेला, हा काही योगायोग नव्हे. २००३ साली इंग्लंडमधील सामुदायिक आरोग्य परिषदाही बरखास्त झाल्या.

त्यांच्या जागी २००१ च्या कायद्यान्वये नगरपालिकांच्या छाननी समित्यांना आरोग्यसेवेवर देखरेखीचा अधिकार मिळाला. आरोग्य संस्थांकडून माहिती मागविणे, त्यांच्या अधिकाऱ्यांना समितीपुढे बोलावणे, आणि सेवेत भरीव फेरबदल होणार असेल तर आधी आपला सल्ला घेतला जावा असा आग्रह धरणे, हे हक्क समितीला होते. सल्ला घेतला गेला नाही, अपुरा घेतला गेला, किंवा तो बदल स्थानिक आरोग्याच्या हिताचा नाही असे समितीला वाटले, तर प्रकरण मंत्र्याकडे पाठविता येत असे.

या कायद्यात दोन पळवाटा होत्या, आणि त्या समजून घेणे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पहिली: 'भरीव' फेरबदल म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नव्हती. एक वॉर्ड बंद होणे हा भरीव बदल की किरकोळ, यावरच महिने निघून जात. दुसरी: रुग्णांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेला धोका असल्यास सल्ला न घेता तातडीने निर्णय घेण्याची मुभा होती. आधी जागा भरायच्या नाहीत, मग डॉक्टर अपुरे म्हणून विभाग असुरक्षित ठरवायचा, मग तो 'तात्पुरता' बंद करायचा, असा मार्ग त्यामुळे मोकळा राहिला. हा मार्ग आपल्याला अपरिचित आहे असे या सभागृहात कोणी म्हणणार नाही.

लुइशमचा लढा

या हक्कामागे संघटित जनता उभी राहिली तर काय होते, हे दक्षिण लंडनमधील लुइशमने दाखविले. शेजारच्या भागातील तीन रुग्णालये मिळून २००९ साली एक ट्रस्ट बनविण्यात आला होता. त्यांतील दोन रुग्णालयांच्या इमारती खाजगी भांडवलाच्या योजनेतून उभ्या राहिल्या होत्या. या योजनेत खाजगी कंपनी इमारत बांधते आणि सार्वजनिक संस्था पुढची अनेक वर्षे तिचे हप्ते फेडत राहते. हप्त्यांच्या या ओझ्यासकट ट्रस्टचा तोटा आठवड्याला दहा लाख पौंडांवर गेला. २०१२ च्या जुलैमध्ये सरकारने त्यावर विशेष प्रशासक नेमला.

प्रशासकाने उपाय सुचविला तो असा: लुइशम रुग्णालयातील तातडीची सेवा आणि प्रसूतिसेवा यांची कपात करावी. लुइशम रुग्णालय त्या ट्रस्टमध्ये नव्हतेच! त्याचा कारभार तोट्यात नव्हता. ठेकेदारांचे हप्ते चालू राहावेत म्हणून शेजारच्या धडधाकट रुग्णालयाचा बळी द्यायचा, असा हा हिशेब होता. २६ जानेवारी २०१३ रोजी हजारो लोक रस्त्यावर उतरले. डॉक्टर, परिचारिका, कामगार संघटना, पेन्शनर, मुलांना घेऊन आलेल्या आया, सारे त्यात होते. तरीही ३१ जानेवारीला आरोग्यमंत्र्यांनी थोड्याफार फेरफारासह ही योजना मान्य केली.

यानंतर लुइशमची नगरपालिका आणि नागरिकांची बचाव मोहीम असे दोघेही न्यायालयात गेले. ३१ जुलै २०१३ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला: प्रशासक ज्या ट्रस्टवर नेमला गेला त्याच्याबाहेरील रुग्णालयाला हात लावण्याचा अधिकार त्याला आणि मंत्र्याला नाही. ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयानेही तेच म्हटले. तातडीची सेवा वाचली, प्रसूतिगृह वाचले.

यातून कोणता धडा घ्यायचा? रस्त्यावरच्या मोर्चाने कायदेशीर अधिकार निर्माण होत नाही, आणि नगरपालिकेच्या ठरावाने मंत्री हलत नाही. लुइशममध्ये दोन्ही एकत्र आले. नगरपालिकेकडे कायदेशीर दर्जा, कागदपत्रे आणि पैसा होता. मोहिमेकडे माणसे आणि चिकाटी होती. एकाशिवाय दुसरे अपुरे पडले असते.

हक्क परत कसा घेतला जातो

सत्ताधाऱ्यांनीही आपला धडा घेतला. न्यायालयात हरल्यावर २०१४ च्या कायद्यात त्यांनी प्रशासकाचे अधिकार वाढविले, आणि शेजारच्या रुग्णालयांना हात लावण्याची वाट कायद्यानेच मोकळी करून घेतली. २०२२ च्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. बदलाचे प्रकरण मंत्र्याकडे पाठविण्याचा छाननी समित्यांचा जो स्वतंत्र अधिकार होता, तो ३१ जानेवारी २०२४ पासून संपला. आता कोणीही नागरिक मंत्र्याला विनंती करू शकतो आणि मंत्री आपल्या मर्जीने कोणत्याही बदलात हस्तक्षेप करू शकतो. समित्या राहिल्या, बैठका राहिल्या, सल्लामसलतीचे कर्तव्यही राहिले. पण ज्या एका अधिकारामुळे अधिकारी समितीचे म्हणणे गंभीरपणे ऐकत, तो गेला. हक्काचे रूपांतर अर्जात झाले.

लोकशाही हक्क नेहमीच गाजावाजा करून काढून घेतले जातात असे नाही. पुष्कळदा कायद्याच्या परिशिष्टातील चार ओळी बदलतात, आणि इमारतीवरची पाटी तशीच राहते.

आपल्याकडील कायदा आणि वास्तव

आता आपल्या देशाकडे येऊ. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची घटनेत आली. पंचायतींकडे सोपविता येतील अशा विषयांत तिथे रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आहे. रुग्णालय हा शब्द मात्र तिथे नाही. आणि दोन्ही ठिकाणी अधिकार प्रत्यक्ष देणे वा न देणे हे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडलेले आहे.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून काम करीत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे त्यांच्याकडे. ग्रामीण रुग्णालये व जिल्हा रुग्णालये राज्य शासनाकडे. रुग्ण एकच, पण केंद्रातून रुग्णालयात जाताना तो एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जातो, आणि मधल्या रस्त्यावर त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने निधी वाढविला, आशा कार्यकर्त्या दिल्या. पण त्या निधीसाठी जिल्ह्यात स्वतंत्र सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि पुष्कळ जिल्ह्यांत जिल्हा परिषदेचा सभासद आपल्याच केंद्रात कंत्राटी परिचारिका किती आहेत, हे विचारीत फिरतो.

याच अभियानात एक चांगला प्रयोगही झाला. २००७ साली नऊ राज्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रात ती प्रथम पाच जिल्ह्यांत होती. गावकऱ्यांनी केंद्राची तपासणी करून प्रगतिपुस्तक तयार करावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तरे द्यावयाची, अशी ती पद्धत. तिने बंद केंद्रे उघडली, बेकायदा पैसे घेणे उघडकीस आणले. पण ती अभियानाच्या निधीवर चालणारी योजना होती. कायद्याने मिळालेला हक्क नव्हता. निधी आटला की अशी देखरेखही आटते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार एका प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील अनेक जिल्हा परिषदा व नगरपालिकांचीही तीच गत झाली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. मुंबईत महापालिकेची काही रुग्णालये खाजगी भागीदारीत देण्याचे प्रस्ताव पुढे रेटले गेले ते याच काळात, आणि त्यांना विरोध केला तो कामगार संघटनांनी व वस्त्यांतील नागरिकांनी. समितीच नाही, तर प्रश्न विचारणार कोण? सभागृहच नाही, तर ठराव कुठे मांडणार? ब्रिटनमध्ये समितीचा अधिकार काढून घेतला गेला. इथे काही वर्षांपुरती समितीच नाहीशी झाली.

केरळने काय दाखविले

पण याच देशात दुसरा मार्गही चालून पाहिलेला आहे. केरळमध्ये १९५७ च्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाने कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या अध्यक्षतेखाली प्रशासन सुधारणा समिती नेमली होती, आणि अधिकार खाली नेण्याचा विचार तिने तेव्हाच मांडला होता. १९९५ साली प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंतच्या संस्था त्या त्या पातळीवरील पंचायतींकडे व नगरपालिकांकडे सोपविण्यात आल्या. १९९६ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने जनयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना-निधीतील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांना दिली.

यातील क्रम पाहा: संस्था दिली, निधी दिला, आणि योजना आखण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत नेला. पंचायतींनी आपल्या पैशातून औषधे घेतली, इमारती दुरुस्त केल्या, कित्येक ठिकाणी जादा डॉक्टर नेमून संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी परिचारिका जाऊ लागल्या; २००८ साली राज्याने त्यासाठी धोरणच जाहीर केले. कोविडच्या साथीत प्राथमिक उपचार केंद्रे उभारली ती स्थानिक संस्थांनीच. अडचणी आल्या नाहीत असे नाही. डॉक्टरांचा पगार राज्याचा आणि नियंत्रण पंचायतीचे, यातून खटके उडाले. खाजगी रुग्णालयांचा पसाराही तिथे मोठा आहे. तरीपण केंद्र बंद करण्याचा निर्णय राजधानीत गुपचूप होणे तिथे अवघड झाले, कारण त्या केंद्राला गावात धनी आहे.

आधी सांगितलेले सूत्र येथे पुन्हा आठवा: निधी वरून, नियंत्रण खालून.

आपले काम

मग निवडून आलेल्या आपल्या कॉम्रेड्सनी काय करावे?

पहिले काम नोंदीचे. आपल्या भागातील प्रत्येक केंद्रात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, दरमहा बाह्यरुग्ण किती, बाळंतपणे किती, कोणती औषधे संपली, याची वही ठेवा. सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी व डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र, हे मान्य केलेले प्रमाण आहे. काल काय होते हे कागदावर नसेल, तर आज काय हिरावले गेले हे सिद्ध करता येत नाही. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे.

दुसरे, 'तात्पुरते' या शब्दावर पहारा ठेवा. जी सेवा तात्पुरती बंद होते ती पुन्हा सुरू होण्याची तारीख लेखी मागा, आणि ती तारीख उलटली की विषय पुन्हा सभेपुढे आणा.

तिसरे, भागीदारीचा प्रस्ताव आला तर करार वाचल्याशिवाय मतदान होऊ देऊ नका. मुदत किती, दर कोण ठरविणार, विनामूल्य खाटा किती, कायम कामगारांचे काय, आणि करार मोडावयाचा झाल्यास काय, हे सभागृहात वाचून दाखविण्याची मागणी करा. लुइशमच्या शेजाऱ्यांना बुडविले ते हप्त्यांनी, आणि त्या करारांवर सह्या झाल्या होत्या पुष्कळ आधी.

चौथे, पैशाचा माग काढा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांच्या मार्फत आरोग्यावर खर्च करावयाचे ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचविले होते. आपल्या संस्थेच्या नावावर किती आले आणि कोणी खर्च केले, हे विचारण्याचा हक्क सभासदाचा आहे.

पाचवे, ग्रामसभा वापरा. अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचारी यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला व पंचायतीला देण्याची तरतूद आहे. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतील आपल्या साथींनी या तरतुदीचा पुरेपूर उपयोग करावयास हवा.

आणि अखेरचे, सर्वांत महत्त्वाचे: आशा, परिचारिका, कंत्राटी कर्मचारी यांच्या संघटनांशी नाते जोडा. केंद्रात काय शिजते आहे हे सर्वांआधी त्यांना कळते. एका तालुक्याचे केंद्र वाचविताना दुसऱ्याचे गेले तरी चालेल, अशी भूमिका कधीही घेऊ नका. गावागावांत झुंज लावून देणे हाच तर वरच्यांचा डाव असतो.

कॉम्रेड्स, देखरेख हा शब्द सौम्य आहे. पण ज्या देखरेखीला माहिती नाही, निधी नाही आणि थांबविण्याचा अधिकार नाही, ती देखरेख म्हणजे केवळ हजेरी होय. हे तिन्ही मिळवावयाचे आहे, आणि मिळाल्यावर टिकवावयाचे आहे. सभागृहातील आपली खुर्ची त्यासाठी आवश्यक आहे. पण त्या खुर्चीत बळ येते ते तिच्यामागे उभ्या असलेल्या श्रमिक जनतेमुळे. ती जनता संघटित करणे, हेच आपले आजचे काम आहे.